थोरली, मधली, धाकटी आणि भालेराव साहेब

भालेराव साहेबांच्या गाडीत बसायचं तर तीन बायकांची भांडणं ऐकायची तयारी ठेवावी लागते. तिघी डॅशबोर्डवर दुहेरी टेपनं चिकटवलेल्या असतात. म्हणजे तीन मोबाईल. प्रत्येकात रस्ता सांगणारं वेगळं सॉफ्टवेअर, आणि प्रत्येकाचा आवाज बाईचा. सकाळी पुनावळ्यातल्या आमच्या सोसायटीच्या गेटमधून गाडी बाहेर पडली रे पडली, की पहिली म्हणते डावीकडे वळा, दुसरी म्हणते उजवीकडे वळा, आणि तिसरी, जी जरा उतावीळ आहे, ती गेटवरच जाहीर करते, "आपण पोहोचला आहात."

"थांबा हो जरा!" भालेराव साहेब तिच्यावर ओरडतात. "अजून दुसरा गिअर टाकला नाही मी!"

मग ते तिघींकडे दुर्लक्ष करून सरळ जातात.

मी शेजारच्या सीटवर असतो. मागे अकाउंट्सचे तांबोळी असतात, पण ते बसल्या बसल्या झोपतात आणि कंपनीच्या गेटवर जागे होतात, त्यामुळे त्यांना या प्रकरणात धरायचं कारण नाही. आम्ही तिघं निघोजेच्या एकाच कंपनीत. मी परचेसमध्ये, नवीन. भालेराव साहेब क्वालिटीमध्ये, इतके जुने की कंपनीच्या काही भिंती त्यांच्यानंतर आल्या आहेत.

आमची कंपनी गाड्यांचे डॅशबोर्ड बनवते. एका बड्या गिऱ्हाइकानं सांगितलं की डॅशबोर्डात स्क्रीन बसवा आणि स्क्रीनमध्ये बोलता नकाशा बसवा. तीन ठिकाणची सॉफ्टवेअरं आली. त्यातलं कुठलं घ्यायचं हे ठरवायला कोणीतरी ती रोज रस्त्यावर चालवून बघायला हवी होती. मीटिंगमध्ये आमचे प्लांट हेड दातार साहेब म्हणाले, "कोण करेल हे?" सगळ्यांनी एकदम माना खाली घातल्या. भालेराव साहेबांनी घातली नाही, कारण ते चहाच्या कपाला नखानं टिचकी मारून कपाला तडा गेलाय का ते ऐकत होते. काम त्यांच्या गळ्यात पडलं.

ही टिचकीची सवय जुनी. आमच्याकडे येण्याआधी ते भोसरीत कास्टिंगच्या कारखान्यात होते. तिथं ओतलेल्या लोखंडाच्या तुकड्यावर छोटी हातोडी मारायची आणि नुसत्या आवाजावरून आत चीर आहे की नाही ते सांगायचं, हे त्यांचं काम. आता हातोडी सुटली, पण बोटं ऐकत नाहीत. कलिंगड, नारळ ठीक आहे. हा माणूस सोसायटीच्या जिन्याच्या कठड्याला टिचकी मारतो, नव्या भाडेकरूच्या फ्रिजला मारतो. एकदा दाताच्या डॉक्टरकडे गेले आणि डॉक्टरनं दातावर ठोकल्याबरोबर खुर्चीतूनच म्हणाले, "हा नापास. पुढचा बघा."

जगात त्यांच्या लेखी तीनच गोष्टी आहेत. पास, नापास आणि रिवर्क. रिवर्क म्हणजे माल टाकून द्यायचा नाही, पण परत नीट करून आणायचा. कँटीनचा उपमा रिवर्क. एमडींचं दिवाळीचं भाषण रिवर्क. माझ्या लग्नाचा अल्बम त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट बघितला, मिटला, आणि माझ्या बायकोला म्हणाले, "फोटो पास आहेत. मुलगा रिवर्कला टाकावा लागेल." बायकोनं तो शेरा मनावर घेतला आहे.

पूर्वी त्यांना मिशी होती. साधीसुधी नाही, ओठ पूर्ण झाकून दोन्ही बाजूंना हनुवटीपर्यंत उतरलेली. आयकार्डावरच्या फोटोत ती अजून आहे. मी कंपनीत लागलो त्याच सुमारास एका सोमवारी ते सफाचट होऊन आले आणि गेटवरच्या वॉचमननं त्यांना आत सोडलं नाही. वॉचमन बिचारा फोटोतल्या मिशीवर अंगठा ठेवायचा, काढायचा, पुन्हा ठेवायचा. शेवटी भालेराव साहेबांनी गेटच्या पाइपला टिचकी मारून "वेल्डिंग नापास आहे याचं" असं सांगितलं तेव्हा त्याची खात्री पटली. मिशी का काढली म्हणून कोणी विचारलं तर म्हणायचे, "मेंटेनन्स फार होता."

तर या माणसाच्या हाती तीन बोलक्या बाया लागल्या. त्यानं त्यांची नावं ठेवली थोरली, मधली आणि धाकटी.

थोरली हट्टी. एकदा सांगितलेला रस्ता ती बदलत नाही. रस्ता खणलेला असो, बंद असो, मध्ये मांडव घातलेला असो, ती आपली "यू टर्न घ्या" म्हणत राहते. मधली मुखदुर्बळ. वळण येतं, जातं, मागे पडतं, आणि मग ती हळूच म्हणते, "उजवीकडे वळायचं होतं." धाकटी म्हणजे नुसता उत्साह. तिला शॉर्टकट दिसला की राहवत नाही. आणि तिघींनाही आमच्या गावांची नावं म्हणता येत नसत. पुनावळेचं "पूना वेल". निघोजेचं "निघो जी". चऱ्होलीचं "चार होली".

"चार होली!" भालेराव साहेब स्टिअरिंगवर हात आपटायचे. "हिच्या एकटीच्याच घरी वर्षाला चार येत असतील! रिवर्क!"

एका संध्याकाळी तळवड्याजवळ ट्रॅफिक तुंबलं. चाकणकडून येणारे कंटेनर, कंपन्यांच्या बसेस, कांद्याचे टेम्पो, सगळे एकमेकांत अडकलेले. थोरली म्हणाली यू टर्न घ्या. मधली गप्प. धाकटी आनंदानं म्हणाली, "डावीकडे वळा. वेगवान मार्ग सापडला आहे."

"आज हिचं ऐकू," भालेराव साहेब म्हणाले. "परीक्षा म्हणजे परीक्षा."

गाडी एका बोळात शिरली. बोळातून एका कमानीत. कमानीवर फुगे होते. काच खाली होती म्हणून एका फेटेवाल्या माणसानं आत हात घालून आमच्या तोंडावर गुलाबपाणी शिंपडलं. मी आरशात बघितलं तर मागे बँड होता, बँडच्या मागे घोडा होता, घोड्यावर नवरदेव होता. परत फिरायचा प्रश्नच मिटला. धाकटी म्हणाली, "सरळ जात राहा."

सरळ गेलो असतो तर स्टेजवर गेलो असतो. गाडी लावली आणि उतरलो. एका वयस्कर गृहस्थांनी भालेराव साहेबांचा हात हातात घेतला. "कुठून आलात?"

"निघोजेवरून."

"म्हणजे मुलाकडचे! या, या, बसून घ्या आधी."

तांबोळी जागे झाले ते ताटावरच. भालेराव साहेबांनी जिलेबीचा तुकडा तोडला, उजेडात धरून बघितला, आणि वाढप्याला म्हणाले, "आचाऱ्याला बोलवा." आचारी आला. "आतून कच्ची आहे. पाक पास, तळण नापास. दुसरा घाणा काढा." मुलाकडचे म्हटल्यावर आचाऱ्याची काय टाप! दुसरा घाणा आला. तो खरोखर चांगला होता. भालेराव साहेब स्टेजवर जाऊन नवरानवरीला आशीर्वाद देऊन आले. येताना मुलीच्या बापाला सांगून आले, की तुमच्या बोळाच्या तोंडाशी एक बोर्ड लावा, नाहीतर उद्या कंटेनर जेवायला येईल.

या अशा चाचण्या महिनोन् महिने चालल्या. भालेराव साहेब शेरे पाठवायचे, सॉफ्टवेअरवाले दुरुस्त्या करायचे. तिघी सुधारत गेल्या. थोरलीचा हट्ट कमी झाला. मधली वेळेवर बोलायला लागली. धाकटी तर "निघोजे" असं म्हणायला लागली की निघोज्यातल्या माणसालाही ती आपल्याच गावची वाटावी. मला वाटलं, झालं, आता एखादी पास होणार.

नाही झाली. आता त्यांना वेगळ्याच चुका दिसायला लागल्या. पडद्यावरचा बाण बारीक आहे. बाण मोठा झाला तर रंग फिका आहे. रंग गडद झाला तर उन्हात काच चमकते. पुढच्या वळणाचं चित्र उशिरा येतं. ते लवकर यायला लागलं तर फारच लवकर येतं.

दातार साहेबांनी त्यांना बोलावलं. मी एका वेगळ्या कामासाठी तिथं बसलो होतो.

"भालेराव, गिऱ्हाईक माझ्या डोक्यावर बसलंय. तिघींतली एक तरी घ्यावीच लागेल."

"मुलगी पसंत नसताना करून टाकायचं का साहेब?"

"तुमचं लग्न नाहीये. डॅशबोर्ड आहे."

"डॅशबोर्डच्या मागे माणूस बसतो साहेब," भालेराव साहेब म्हणाले आणि टेबलाच्या काचेला टिचकी मारून निघून गेले. दातार साहेब बराच वेळ त्या काचेकडे संशयानं बघत बसले.

त्यानंतर एक दिवस सकाळी मी गाडीत बसलो तर तिघी मुक्या होत्या. आवाज पूर्ण बंद. भालेराव साहेबांच्या दोन्ही कानांत प्रेस शॉपमध्ये आवाज अडवायला घालतात ते केशरी रबरी बोळे होते.

"आज तोंडी परीक्षा नाही!" ते कान बंद असलेला माणूस ओरडतो तसे ओरडले. "आज नुसतं बघून जायचं!"

मी खुणेनं बोळे काढा म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही, रस्त्याकडे बघत होते. निगडीपर्यंत ठीक चाललं. तळवड्याच्या रस्त्याला लागलो आणि मागून एक ट्रेलर हॉर्न मारत आला. हॉर्न कसला, बोंबच ती. तांबोळी जागे झाले, यावरून काय ते समजा. भालेराव साहेब मात्र शांतपणे मधून चालले होते. मी त्यांचा दंड धरून हलवला. त्यांनी दचकून गाडी डावीकडे घेतली आणि ट्रेलर आम्हाला जवळजवळ घासून गेला. पुढे एका मोकळ्या जागेत त्यांनी गाडी उभी केली. बोळे काढले. चेहरा पांढरा पडला होता.

"कधीपासून वाजवत होता तो?"

"कधीचा."

"मला काहीच नाही कळलं, जाधव. काहीच." त्यांनी बोळे खिशात टाकले. "तिघीही नापास," ते म्हणाले, पण नेहमीसारखं ठसक्यात नाही. तिथून पुढे त्यांनी मला गाडी चालवायला सांगितली.

त्याच शनिवारी माझा डबा त्यांच्या गाडीत राहिला म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. आमच्या समोरच्याच बिल्डिंगमध्ये राहतात, पण मी घरी कधी गेलो नव्हतो. त्यांच्या मिसेस येताजाता दिसायच्या, हसायच्या. एकदोनदा मी मागून "नमस्कार काकू" म्हटलं तर त्या तशाच पुढे निघून गेल्या होत्या. मला वाटलं होतं, बाई मानी आहेत.

बेल दाबली. आवाज आला नाही, पण खिडकीतून हॉलमधला दिवा उघडझाप करताना दिसला. मी घाबरून बोट काढलं. पुन्हा दाबली, पुन्हा दिवा. दार उघडलं.

"या की," काकू म्हणाल्या. "हे भाजी आणाया गेल्यात. समोर तोंड करून बोला, मंजी मला कळतंय. ऐकू येत न्हाई मला."

मी समोर तोंड करून म्हटलं, "डबा राहिला होता."

"धुऊन ठेवलाय. बसा, च्या ठेवते."

हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती होती, लेकीच्या लग्नाचा मोठा फोटो होता, आणि फोटोत पुन्हा ती मिशी होती. मी तिच्याकडे बघतोय हे काकूंनी स्वयंपाकघराच्या दारातून टिपलं.

"त्या मिशीपायी लई वांधा व्हायचा," त्या म्हणाल्या. "ओठच दिसायचे न्हाईत. ह्ये काय बोलत्यात ते कळायचं न्हाई मला. मग एक दिस कुणाला न सांगता काढूनच आले. मी दार उघडलं आन् म्हटलं, कोण पायजे तुमाला?"

त्या इतक्या हसल्या की दुधाचं भांडं त्यांना गॅसवर परत ठेवावं लागलं.

चहा पिताना त्यांनी सगळं सांगितलं. माहेर निघोजेचं. लग्नानंतर भोसरीत एका वर्कशॉपमध्ये पत्र्याच्या प्रेसवर कामाला होत्या. दिवसभर धाड धाड. "कान कंदी गेले ते माझं मलाच कळलं न्हाई. हळूहळू गेले ना." कानाला मशीन लावून बघितलं, पण ते नुसतं शिट्ट्या मारायचं, म्हणून कपाटात ठेवून दिलं. मग मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली, घर रिकामं झालं, आणि काकूंनी बायकांना गाडी शिकवणाऱ्या एका बाईंकडे नाव घातलं. ऐकू न येणाऱ्यालाही लायसन मिळतं हे त्यांनीच शोधून काढलं. परीक्षेत पहिल्याच फटक्यात पास.

"ह्ये दुसऱ्या येळंला पास झाले व्हते," त्या डोळे मिचकावत म्हणाल्या. "तुमाला सांगितलं नसंल."

नव्हतं सांगितलं.

"आई थकलीय माझी. रविवार-रविवार ह्यांनी न्यायचं, दोन घास खायाचे आन् परत. त्यानं जीव भरत न्हाई. मी म्हटलं, मधीच एकांद्या दिशी माझी मी जाते. तर म्हणत्यात, सॉफ्टवेर पास झालं की गाडी तुझी." त्यांनी कप खाली ठेवला. "आता मला सांगा, माझ्याच माहेरचा रस्ता मला त्या बाया सांगणार? तितं मी शेळ्या वळल्यात!"

तेवढ्यात भालेराव साहेब भाजीची पिशवी घेऊन आले. मला बघून, चहाचे कप बघून, बायकोचा चेहरा बघून काय ते समजले. पिशवी ठेवली, काकूंच्या समोर येऊन उभे राहिले आणि एकेक शब्द नीट ओठांवर आणत म्हणाले, "रस्ते रोज बदलतात. परवा फाट्यावर खणलं होतं. कुणाला विचारशील? विचारलंस तर ऐकू येणार आहे?"

"ऐकाया कशाला पायजे? आपल्याकडं पत्ता तोंडानं कोण सांगतंय? समदे हातच करत्यात!"

मी हसलो. भालेराव साहेब हसले नाहीत.

"आणि मागून ट्रेलर आला तर? हॉर्न दिला तर?"

काकूंनी पिशवी उचलली आणि आत जाता जाता मला म्हणाल्या, "त्या तिघी न्हाईत नापास. ह्ये भ्यालेत."

दुसऱ्या दिवशी रविवार. मी सकाळी पेपर वाचत होतो. बेल वाजली ती थांबेचना. दारात भालेराव साहेब, एका पायात त्यांची चप्पल, दुसऱ्या पायात काकूंची.

"जाधव, गाडी नाही."

"चोरीला?"

"हीपण नाही."

दोन्ही एकाच वेळी चोरीला जाणं अवघड होतं. तरी मी त्यांच्या घरी जाऊन बघितलं. जेवणाच्या टेबलावर थोरली, मधली आणि धाकटी एकीवर एक रचून ठेवलेल्या होत्या. टेपसकट.

"फोन केला का? म्हणजे, मेसेज?"

"केले. बघत नाहीये. गाडी चालवताना फोनकडे बघायचं नाही, हे मीच शिकवलं तिला. नको तिथं पास झाली बाई."

माझी मोटारसायकल काढली. हेल्मेट एकच होतं, ते मी घातलं. बायकोचं तिच्या भावाकडे राहिलं होतं. भालेराव साहेब म्हणाले राहू दे, आधी निघा, आणि माझ्या मागे बसले. रोज पाच वेळा "सीटबेल्ट!" म्हणून खेकसणारा माणूस. रावेतपर्यंत ते माझ्या खांद्यावर बोटांनी टिचक्या मारत होते. मला वाटलं आता हाही तुकडा नापास होणार.

निगडी सोडल्यावर गाडी दिसली. मागच्या काचेवर कानाचं चित्र असलेला स्टिकर होता, चालकाला ऐकू येत नाही असं सांगणारा. तो भालेराव साहेबांनीच लावला होता, आणि एक बाजू किंचित वर गेली म्हणून दोनदा काढून परत लावला होता. तो स्टिकर मी रोज बघत होतो. मी तो कुठल्यातरी नव्या चाचणीचा भाग समजत होतो, आणि विचारायची हिंमत केली नव्हती, कारण त्यांना काही विचारलं की ते उत्तर पूर्ण देतात.

मी ओव्हरटेक करायला गाडी उजवीकडे काढली. खांद्यावरची पकड घट्ट झाली.

"नको. मागेच राहा."

"थांबवायचं नाही त्यांना?"

"मागेच राहा म्हटलं ना."

मग आम्ही मागे राहिलो. काकू बेतानं चालवत होत्या, घाबरून नव्हे. पुढच्या टेम्पोपासून अंतर ठेवून. वळायच्या बऱ्याच आधी इंडिकेटर. मागे बसलेला माणूस एकेक गोष्ट पुटपुटत होता. "दिला. ब्रेक लवकर धरला. बरोबर आहे. आता गिअर. हां."

तळवड्यात रस्ता खरंच बंद होता. पत्रे आडवे लावले होते. काकूंनी गाडी बाजूला घेतली, काच खाली केली, आणि पानटपरीवाल्याला काहीतरी विचारलं. टपरीवाल्यानं तोंडातला तोबरा सांभाळत एक अवाढव्य हात केला, इकडून असं, मग तिकडून असं. काकूंनी मान डोलावली आणि निघाल्या. बरोबर गेल्या. आम्ही मात्र एक गल्ली चुकलो.

पुन्हा गाठलं तेव्हा आम्ही इंद्रायणीच्या पुलाजवळ होतो आणि वेग फारसा नव्हता. भालेराव साहेब माझ्या कानापाशी बोलायला लागले. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. कदाचित म्हणूनच बोलले.

"मी भोसरीत दिवसभर लोखंडाचे आवाज ऐकायचो, जाधव. केसाएवढी चीर असली तरी मला कळायची. आणि घरी ही 'काय? काय म्हणालात?' असं वर्षभर करत होती, तर मला वाटायचं, माझ्यावर रागावलीय. म्हणून मी बोलणंच कमी केलं." मग म्हणाले, "तिला ऐकू येत होतं तेव्हा मी काही बोललोच नाही हो नीट."

मी गाडी चालवत राहिलो.

तेवढ्यात आमच्या मागून एक ट्रेलर भरधाव आला. मी पटकन कडेला झालो. पुढे काकूंची गाडी होती. माझ्या खांद्यावरचा हात एकदम दगडासारखा झाला. पण ट्रेलरवाल्यानं हॉर्नला हात घालायच्या आधीच काकूंनी डावीकडचा इंडिकेटर दिला आणि गाडी अलगद बाजूला घेतली. ट्रेलर धुरळा उडवत निघून गेला. धुरळा खाली बसला तेव्हा काकू आपल्या पुन्हा रस्त्यावर, आधी होत्या त्याच चालीत.

निघोजेच्या फाट्यावर त्या आत वळल्या. भालेराव साहेब म्हणाले, "थांबवा इथं."

फाट्यावर चहाची टपरी होती. आम्ही बाकड्यावर बसलो. त्यांनी चहा मागवला पण घेतला नाही, फोन मांडीवर ठेवून बसले. मी म्हटलं, आत जाऊ या का, सासूबाईंचं घर जवळच आहे ना? ते म्हणाले, नको. ती एकटी गेलीय. तिला एकटीला बसू दे आईजवळ.

फोन थरथरला. त्यांनी चष्मा वर-खाली करून मेसेज वाचला. पुन्हा वाचला. मग फोन माझ्याकडे दिला.

"पोचले. आई बरी हाय. निगडीपासनं आरशात दिसताय दोगं. मधी कुठं चुकला होता? मागं बसणाऱ्यानं बी हेल्मेट घालायचं असतंय."

मी हसायला लागलो. भालेराव साहेबांनी फोन परत घेतला.

"निगडीपासून," ते म्हणाले. "म्हणजे आपल्याला ती दिसली तेव्हापासून." मग चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत राहिले. चष्मा स्वच्छच होता. "मागचं बघते हो ती. मला वाटलं होतं, मागून काय येतंय ते हिला कळायचंच नाही."

गार झालेला चहा त्यांनी एका घोटात संपवला.

"उद्या दातार साहेबांना सांगतो, मधली घ्या."

"मधली? का?"

"कमी बोलते. आणि बाण चांगला आहे तिचा. पहिल्यापासून चांगला होता."

मी उठलो, किल्ली काढली. ते उठले नाहीत.

"तुम्ही निघा, जाधव. रविवार आहे, घरी वाट बघत असतील. मी थांबतो जरा."

"काकू संध्याकाळशिवाय यायच्या नाहीत."

"हो. मग संध्याकाळी येईन. इथून शेअर रिक्षा मिळते."

मी गाडी सुरू केली. थोडं पुढे जाऊन वळून बघितलं, तर भालेराव साहेब टपरीवाल्याशी काहीतरी बोलत होते. मग दोघांनी मिळून बाकडं उचललं आणि टपरीच्या मागच्या अंगाला नेऊन ठेवलं. जिथून रस्ता दिसेल, पण रस्त्यावरून जाणाऱ्याला बाकड्यावर बसलेला माणूस दिसणार नाही, अशा जागी.